पेटी शिकतोय, पण घरी रियाजाला बसवतच नाही. उत्साह कसा टिकवायचा?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्ष पेटी शिकताय, क्लासमध्ये सरांसमोर बरं वाजतं, पण घरी आल्यावर पलंगाखालून पेटी काढावीशीच वाटत नाही, मध्ये दोनदा सोडूनही झालं. आधीच सांगते, मला पेटी येत नाही. मी तबला वाजवते, म्हणजे शिकतेय, वय ४३, राहायला कोपरी, ठाणे पूर्व, ऑफिस वाशीला. त्यामुळे हा सल्ला वादकाचा नाहीये, रियाज बुडवण्यात वीसेक वर्षं काढलेल्या बाईचा आहे.

पहिलं म्हणजे ते "पलंगाखालून". माझा तबला माळ्यावर असायचा. म्हणजे स्टूल आणा, बॅग उतरवा, सतरंजी घाला, चुंबळी, म्हणजे तबल्याखालच्या कापडी कड्या, शोधा (एक नेहमी गायब), हातोडी शोधा, मग सुरात लावा, तोवर कुकरच्या तीन शिट्ट्या झालेल्या असतात आणि उत्साह वाफेबरोबर गेलेला असतो. आता तबला-डग्गा हॉलच्या कोपऱ्यात चुंबळीवर कायम मांडलेला असतो, वर फक्त झाकणं. पाहुणे आले की नवरा विचारतो आत ठेवू का, मी म्हणते राहू दे, पाहुण्यांना सोफा आहे. तुम्हीही पेटी बाहेर काढून ठेवा, वर एक कापड टाका, बास. यातच निम्मं काम होतं असं नाही म्हणणार मी, पण चार आण्यांचं नक्की होतं.

दुसरी गोष्ट, कोणी सांगत नाही म्हणून सांगते. वाद्य नीट आहे का ते बघा. मी ३८ व्या वर्षी परत सुरू केलं ते घरात पडून असलेल्या जुन्या तबल्यावर, आणि पहिले चार महिने मला वाटत होतं माझा हातच मेलाय, "ना" वाजवलं की टण् न येता ठप्प यायचं, रोज बसायचं आणि रोज स्वतःला शिव्या घालून उठायचं. शेवटी सरांनी एकदा घरी येऊन बोटाने चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, टिचकी मारली आणि म्हणाले, अहो, ही शाई (मधला काळा गोल) सुटत आलीय, पुडी (वरचं कातडं) बदला आधी. नवीन पुडी चढवली आणि त्याच संध्याकाळी त्याच मेलेल्या हातातून खणखणीत "ना" आला. मी एकटीच हॉलमध्ये वीस मिनिटं नुसतं ना ना ना ना वाजवत बसले होते, मुलगी म्हणाली आई तू कोणाला नाही म्हणतेयस. तर पेटीचंही तसंच. समोरचे स्टॉपर (ओढायच्या खुंट्या) बंद करा, भाता भरा आणि कुठलीच पट्टी न दाबता बघा, लगेच खाली बसत असेल तर हवा गळतेय आणि तुम्ही निम्मी ताकद गळक्या भात्यावर घालवताय, त्यात कंटाळा येणारच. दुरुस्त करून घ्या. स्वतःला आळशी म्हणायच्या आधी वाद्याला एकदा डॉक्टरकडे न्या.

आता उत्साहाबद्दल. लहानपणी माझा उत्साह म्हणजे परीक्षा होती. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, मग प्रवेशिका पूर्ण, तिथे दहावी आली आणि गाडी थांबली ती थांबलीच. परीक्षेला मी वाईट म्हणणार नाही, तारीख ठरलेली असते, फॉर्म भरलेला असतो, आई पैसे भरल्याचं रोज सुनावत असते, माणूस बसतो. पण माझं व्हायचं असं की परीक्षेच्या आदल्या महिन्यात दोन-दोन तास आणि झाल्यावर पुढचे तीन महिने शून्य, आणि अभ्यासक्रमातले कायदे (ठरलेल्या बोलांच्या रचना) सोडून एक बोल जास्त यायचा नाही. ज्यांना मध्यमा, विशारद करायचंय त्यांनी जरूर करावं. माझ्या बाबतीत परीक्षा संपली की वाजवायचं कारणच संपायचं.

मैफली ऐकूनही जोर येतो, नाही असं नाही. ठाण्यात पं. राम मराठेंच्या नावाने महोत्सव होतो, तिथून घरी येताना रिक्षात मी मांडीवर तीनताल बडवत येते. तो जोर माझ्या हिशेबाने तीन दिवस टिकतो. चौथ्या दिवशी मी आणि माझं "तिरकिट" परत होतो तिथेच.

आणि मोठ्या लोकांच्या रियाजाच्या गोष्टी वाचून तर माझं नुकसानच झालं. चिल्ला म्हणजे ४० दिवस एका खोलीत बंद करून घेऊन नुसता रियाज. इथे मार्च एंडिंगला ४० मिनिटं मिळाली तर देव पावला. पण त्यातलीच एक गोष्ट कामाला आली. तबलावादक झाकीर हुसेन यांनी मुलाखतींत सांगितलंय की लहानपणी वडील, म्हणजे उस्ताद अल्लारखां, त्यांना पहाटे ३ ला उठवायचे आणि ६ पर्यंत दोघं बोल म्हणत बसायचे, तोंडाने. हे वाचून मला इतकं हलकं वाटलं ना, कारण पहाटे तीनला उठणं माझ्या बापजन्मात शक्य नाही पण तोंड तर माझ्याकडे पण आहे! तेव्हापासून पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणणं, मी ट्रान्स हार्बर लोकलला करते. ठाण्याला बसायला मिळालं की दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे असं वाशीपर्यंत अर्धा तास आरामात मिळतो. एका बोटावर चार मात्रा, चार बोटांवर सोळा, अंगठ्याने मोजायचं आणि ओठातल्या ओठात "धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना". एकदा शेजारच्या आजींनी विचारलं, कोणाचा जप करता? मी म्हटलं तीनतालाचा. त्या म्हणाल्या चांगलं असतं, मंगळवारी करा. तुम्ही पेटीवाले लोक सा रे ग मचे अलंकार असेच म्हणू शकता, बोटं पर्सवर नाहीतर बॅगेवर फिरवत, कोणी बघत नाही, ज्याचा त्याचा मोबाईल असतो.

पण खरं सांगायचं तर यातल्या कशानेच मी टिकले नसते. मी टिकले चौथ्या मजल्यावरच्या काकांमुळे.

काका रिटायर झाल्यावर पेटी शिकायला लागले. लिफ्टमध्ये भेटले की आम्ही दोघं एकमेकांकडे चोरासारखे बघायचो कारण दोघांनाही माहीत असायचं की समोरच्याने आठवडाभर काही वाजवलेलं नाही, आवाज आला असता ना. एक दिवस तेच म्हणाले, अहो मी नुसता लहेरा (तालाच्या मापाची, फिरून फिरून वाजवायची ओळ) धरतो, तुम्ही तुमचं काय ते बडवा. मी तोवर मोबाईलमधल्या ॲपवर लहेरा लावून वाजवायचे. तर ते आले, चंद्रकंस रागातला एक साधा लहेरा, सोळा मात्रांचा, तोच तो फिरून फिरून, आणि मी त्याच्यावर वर सांगितलेला "धाधा तिट"चा कायदा, आणि दोन मिनिटांत आम्ही दोघंही सपशेल हरवलो. समच, म्हणजे तालाची पहिली मात्राच, सापडेना. काकांची सम सोफ्याजवळ, माझी बाल्कनीत.

तोवर मला वाटत होतं माझी लय चांगली आहे. कारण ॲपवर चुकले की मी थांबायचे, सम येऊ द्यायचे आणि जे येतंय तिथून परत चालू, म्हणजे जिथे पडते ती जागा मी कधी वाजवायचेच नाही. काकांसोबत हे चालेना. आम्ही एक नियम केला, जो चुकेल त्याने स्वतःची सम स्वतः शोधायची, दुसरा थांबणार नाही. मंगळवार आणि शुक्रवार, साडेसात ते सव्वाआठ. पहिले दोन महिने आम्ही जे वाजवत होतो त्याला संगीत म्हणता येणार नाही, शोधकार्य म्हणा. पण त्यातून मला कळलं की मी नेमकी पडते कुठे, तर खाली (डग्गा बंद ठेवायचा भाग) संपून डग्गा परत उघडायचा असतो ना, धाधा धिंनाला, तिथे माझा डावा हात झोपलेला असतो आणि उजवा घाईघाईने पुढे पळतो. मग बुधवारी-गुरुवारी मला बसायला कारण मिळालं, फक्त तेवढी जागा, एकदम ठाय, म्हणजे संथ लयीत, पंधरा मिनिटं, कारण शुक्रवारी काकांसमोर परत तिथेच पडायची लाज वाटायची. "आज रियाज करायचाय" म्हटलं की मला आजही जांभई येते, पण "तो धिंना उघडायचाय" म्हटलं की मी भांडी तशीच टाकून बसते.

काकांचंही तेच झालं. त्यांना वाटायचं लहेरा म्हणजे सोपं, तीच एक ओळ तर वाजवायची. पण वीस मिनिटं तीच ओळ त्याच लयीत, मध्ये एकही जास्तीची मुरकी न घेता, आणि भाता असा हलवायचा की समेवर आवाज खाली पडता कामा नये, हे सहा महिने चाललं त्यांचं. ते म्हणतात क्लासमध्ये दोन वर्षांत डावा हात एवढा सुधारला नव्हता. (पेटीबद्दल ते फार हळवे आहेत, आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती हे ते पाहुण्यांना अशा रागाने सांगतात की जणू काल घातलीय.)

मध्ये खंड पडतातच, ते धरूनच चाला. पावसाळ्यात ठाण्यात हवा इतकी दमट की तबला उतरतो, डग्गा बद्द वाजतो, गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हातोडी मारून मारून वर आणावा तर अर्ध्या तासात परत खाली, तेव्हा मी चिडून बंद करते आणि आठवडाभर नुसती पढंत चालते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरच्या मजल्यावर बारावीची मुलगी होती, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी हात जोडलेले इमोजी टाकले, आम्ही समजून घेतलं, डग्ग्यावर टॉवेल घालून वाजवलं, काकांनी भाता अगदी हळू ठेवला. दुपारी दोन ते चार वाजवायचं नाही हे तर सांगायला नको, कोपरीत दुपारची झोप मोडणाऱ्याला माफी नाही. आणि खंड पडल्यावर परत बसताना मी एक करते, जुनं रेकॉर्डिंग ऐकते. मोबाईलवर महिन्यातून एकदा दोन मिनिटं रेकॉर्ड करून ठेवते, लहेऱ्याशिवाय. पहिलं जे आहे त्यात मी मिनिटाला ७० मात्रांच्या लयीत सुरू केलंय आणि दोन मिनिटांत ८५ वर पोचलेय, ट्रेन सुटल्यासारखी. परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये ७० चे ७३ झालेत. कोणाला दाखवण्यासारखं नाहीये ते, नवऱ्याला दोन्ही ऐकवलं तर म्हणाला सेमच आहे. पण मला माहितीय ना.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं इतकंच की ठाण्यात प्रत्येक दुसऱ्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी तबला शिकतंय, बहुतेक एखादं दहा-बारा वर्षांचं पोर, आणि ते बिचारं मोबाईलच्या लहेऱ्यावर एकटं बसलंय. त्याच्या आईला विचारा. तुम्ही दीड वर्ष शिकलाय म्हणजे सोळा मात्रांची एक ओळ धरण्याइतकं तुम्हाला नक्की येतं. तुमच्या सरांकडून एकच लहेरा घ्या, तीनतालातला, जास्त नको, आणि सुरुवातीला इतका सावकाश धरा की तुम्हालाच झोप येईल. ते पोर चुकेल, तुम्ही थांबू नका. तुम्ही चुकाल तेव्हा ते थांबणार नाही, आणि वर हसेल, लहान मुलं हसतातच, माझी मुलगी पण काकांना हसते.

आणि तुम्ही कोपरीत किंवा जवळपास राहत असाल तर कमेंटमध्ये सांगा. काका पुढच्या महिन्यात मुलाकडे पुण्याला चाललेत दोन महिन्यांसाठी आणि माझ्याकडे मंगळवार-शुक्रवार रिकामे आहेत. चहा मिळेल, पेटी मात्र आणावी लागेल, काका त्यांची कोणाला हात लावू देत नाहीत.