आई-बाबांची काठमांडूची ट्रिप रद्द करू का? माझा अनुभव सांगते

मुलुंडच्या ताई, तुमचा प्रश्न वाचला. आई-बाबा यात्रा कंपनीबरोबर पशुपतिनाथ-मुक्तिनाथला जाणार आहेत, पैसे भरून झालेत आणि सप्टेंबर 2025 चे ते जळत्या इमारतींचे व्हिडिओ बघून तुमची झोप उडालीय. माझं विचाराल तर नुसत्या त्या व्हिडिओंवरून रद्द करू नका, पण तयारी करून पाठवा. मी गारमेंट लाइनमध्ये मर्चंडायझर आहे, म्हणजे फॅक्टऱ्यांकडून कपड्यांच्या ऑर्डरी करून घेते, वर्षातून तीन-चार वेळा ढाक्याला जाणं होतं, आणि जुलै 2024 मध्ये विद्यार्थ्यांचं आरक्षणाविरुद्धचं आंदोलन चिघळलं तेव्हा मी तिथे अडकले होते, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आपल्याकडे बंदचा अंदाज कसा येतो बघा. दुकानदार शटर अर्धं ओढून आत उभा असतो, रिक्षावाला मान हलवून पुढे जातो, वडापाववाला भर दुपारी गाडी आवरायला घेतो, आणि आपण ऑफिसातून घरी फोन करतो की आज लवकर निघतेय. बाहेरच्या देशातही अशाच खुणा असतात, फक्त आपलं तिकडे लक्ष नसतं कारण आपण फिरायच्या मूडमध्ये असतो. 18 जुलैला, गुरुवार होता, ढाक्याच्या बनानी भागात माझ्या हॉटेलखालचा चहावाला पोरगा सकाळी दहालाच कप धुवून पालथे घालत होता. मला बघून म्हणाला, आपा (म्हणजे ताई), आज बाहेर जाऊ नका. मला गाझीपूरच्या फॅक्टरीत जायचं होतं, गाडी खाली उभी, ड्रायव्हर म्हणत होता की सोडतो मी, काही होत नाही. मी त्या पोराचं ऐकलं आणि वर गेले. गाझीपूरचा रस्ता ढाक्याच्या उत्तरा नावाच्या भागातून जातो आणि त्याच दिवशी उत्तरामध्ये गोळीबार होऊन माणसं गेली. आजही तो कपांचा ढीग डोळ्यासमोर येतो.

म्हणून आई-बाबांना पहिलं हे सांगा की हॉटेलचा वॉचमन, रिसेप्शनवरची मुलगी, समोरचा दुकानदार ह्यांना रोज सकाळी विचारायचं, आज शहरात काही आहे का. आणि त्यांनी नको म्हटलं तर दर्शन राहिलं तरी चालेल, पण बाहेर पडायचं नाही. ह्या गोष्टी फार पटकन बदलतात हो. नेपाळमध्ये सोशल मीडियाच्या 26 प्लॅटफॉर्मवर बंदी आली, 8 सप्टेंबरला सोमवारी मुलं रस्त्यावर उतरली, त्या एका दिवसात 19 जण गेले, आणि मंगळवारी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद आणि सिंहदरबार (तिथलं मंत्रालय) पेटले, विमानतळ बंद. बुधवारी संध्याकाळी तो परत उघडला. मधल्या वेळेत बॅगा घेऊन विमानतळाकडे धावण्यात काही अर्थ नव्हता, आत बसणंच बरं.

हॉटेल कुठे आहे हे स्टारपेक्षा महत्त्वाचं. काठमांडूत हिल्टनसारखं हॉटेलही जळालं. आपल्याकडे मोर्चा म्हटला की आझाद मैदान, तसं काठमांडूत माइतीघर आणि संसदेजवळचं नयाँ बानेश्वर, ढाक्यात शाहबाग, कोलंबोत गॉल फेस. त्या जागेच्या, मंत्र्यांच्या घरांच्या आणि सरकारी ऑफिसांच्या आसपास खोली नको. वारही बघावा लागतो, पॅरिसमध्ये 2018 च्या नोव्हेंबरपासून पिवळ्या जॅकेटवाल्या सरकारविरोधी आंदोलकांचे मोर्चे शनिवारी निघायचे आणि तेव्हा मेट्रोची स्टेशनं बंद ठेवली जायची.

आता नेटचं. ढाक्यात त्या गुरुवारी रात्री सगळं इंटरनेट गेलं, ब्रॉडबँड थोडंफार 23 ला सुरू झालं आणि मोबाइल डेटा 28 ला. कार्ड चालेना, ॲप उघडेना, लोकांना विजेचे प्रीपेड मीटर रिचार्ज करता येईनात. शुक्रवारी मध्यरात्रीपासून कर्फ्यू लागला, शनिवारी दुपारी 12 ते 2 सूट मिळाली त्यात मी बिस्किटं, केळी आणि पाणी आणलं, रोख पैसे होते म्हणून. निघायच्या दिवशी चौकीवर जवानाने तिकीट मागितलं, माझं ईमेलमध्ये! नशिबाने रिसेप्शनवाल्याने आधीच्या आठवड्यात प्रिंट काढून दिली होती, ती दाखवली तेव्हा गाडी सोडली. तेव्हापासून मी सगळं कागदावर ठेवते. तिकिटाची प्रिंट, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्राची झेरॉक्स, हॉटेलचा पत्ता, भारतीय दूतावासाचा इमर्जन्सी नंबर आणि तुमचा नंबर, सगळं बाबांच्या खिशात आणि आईच्या पर्समध्ये वेगवेगळं. नेपाळी रुपये दोन-तीन दिवस पुरतील एवढे हातात असू देत (100 भारतीय म्हणजे 160 नेपाळी), आणि बीपी-शुगरच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या, हे अजिबात विसरू नका.

चुकून गर्दीत सापडलेच तर उलट दिशेने घुसायचं नाही, प्रवाहाबरोबर चालत तिरकं तिरकं कडेला सरकायचं आणि पहिल्या गल्लीत शिरायचं, भिंतीला किंवा काचेच्या दुकानाला चिकटायचं नाही. दोन्ही हात छातीसमोर, श्वासाला जागा राहते. अश्रुधुराचा वास आला तर वारा येतोय तिकडे आणि शक्यतो उंचावर जायचं, तो धूर खाली साचतो. डोळे चोळायचे नाहीत, भरपूर साध्या पाण्याने धुवायचे.

आणि बाबांना व्हिडिओ काढायची हौस असेल तर हात जोडून सांगा की मोर्चाचा काढू नका, घोषणा तर लांबच. 2024 मध्ये दुबई-अबुधाबीकडे स्वतःच्या, म्हणजे बांगलादेशातल्या प्रश्नावर मोर्चा काढला म्हणून 57 बांगलादेशींना शिक्षा झाल्या होत्या, तिघांना जन्मठेप. नंतर माफी मिळाली, पण तोवर घरच्यांचं काय झालं असेल!

प्रवास विमा काढताना अशांतता, दंगल हे शब्द नीट वाचा, बऱ्याच पॉलिसीत ते वगळलेलं असतं, आणि गडबड सुरू झाल्यावर काढलेल्या विम्याचा त्यासाठी उपयोग होत नाही.

शेवटचं तुमच्यासाठी. ढाक्यात पाच दिवस माझा मुलगा फोन हातात धरून बसला होता, साधा कॉल कधी लागायचा कधी नाही. तुम्ही आधीच ठरवून ठेवा, नेट गेलं तर सकाळी नऊ आणि रात्री नऊला साधा कॉल करून बघायचा, नाही लागला तर यात्रा कंपनीच्या मुंबई ऑफिसात विचारायचं, आणि आई-बाबांनी फक्त तुम्हाला कळवावं म्हणून बाहेर पडायचं नाही. हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घ्या.

काठमांडूतल्या हॉटेलचं नाव आणि भाग इथे टाका, माइतीघर-बानेश्वरपासून किती लांब आहे ते नकाशावर बघून सांगते.