भिंतीपलीकडे दिसणारा माणूस खरा नसतो

रोबोवरच्या रडारच्या बिंदूंनी बनलेल्या चित्रात भिंतीपलीकडे कुणी चालताना दिसलं की नवखा माणूस लगेच फिल्टर लावून ते बिंदू पुसून टाकतो. तू तसं करू नकोस. ते भूतच (परावर्तनामुळे उमटलेली खोटी प्रतिमा) तुला परावर्तक पृष्ठभाग कुठे आहे ते सांगतं.

७७ गिगाहर्ट्झच्या रडार-लहरीची तरंगलांबी जेमतेम ४ मिलिमीटर. त्याहून खूप बारीक खडबडीतपणा तिला जाणवत नाही, त्यामुळे धातूचं कपाट, काच, कधी साधी गुळगुळीत भिंतसुद्धा आरशासारखी वागते. तिरकी लहर पुढे निघून जाते, परत येतच नाही. म्हणून बिंदू नाहीत म्हणजे वाट मोकळी, असं कधीच धरू नकोस. पृष्ठभाग काटकोनात आला की मात्र जोरदार प्रतिध्वनी येतो. रोबो थोडा वळवून बघ.

आता भुताकडे. जाता-येता दोन्ही वेळा लहर भिंतीवर आपटली, तर खोटा बिंदू खऱ्याच्या आरशातल्या जागी उमटतो. दोघांना जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक काढ, पृष्ठभाग त्याच्यावर सापडेल. एका जोडीवर भरवसा नको. माणूस चालू दे, बऱ्याच जोड्या जमू देत. एकदाच आपटलेल्या लहरीला हे गणित लागू नाही (मी यात आठवडा घालवलाय). तिथे लहर निघाल्याचा आणि परतल्याचा कोन वेगळा असतो, अनेक अँटेनांच्या रडारवर तो फरक पकडता येतो.

लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) असेल तर काम सोपं: लायडार आरपार जातोय आणि रडार अडतंय, तिथे बहुधा काच.