भुताखेतांच्या पुस्तकांवर पोट भरतं का?

प्रश्न : मुलगी टीवायबीएला आहे, विषय इंग्रजी. दोन वर्षं कॉलेजच्या एकांकिकांत काम करते. आता म्हणते, इंग्लंडला जाऊन 'ड्रॅक्युला' कादंबरी आणि गॉथिक म्हणजे भुताखेतांच्या, गूढ-भयाच्या साहित्यावर एमए करायचं. मी म्हणतो बी.एड. कर. माझे चार लूम आहेत, तेवढ्यात परदेश परवडत नाही. रात्री दोनपर्यंत दिवा लावून वाचत बसते. काय करू? – एक पालक, इचलकरंजी

उत्तर : नमस्कार. 'गॉथिकचा तज्ज्ञ पाहिजे' अशी जाहिरात मीही आजवर पाहिलेली नाही, त्यामुळे तुमची काळजी खोटी नाही. पण 'ड्रॅक्युला' लिहिणाऱ्या ज्या ब्रॅम स्टोकरच्या नादी तुमची लेक लागली आहे, तो स्वतः पोटासाठी काय करत होता ते बघा.

डब्लिनमध्ये तो सरकारी कारकून होता. कोर्टातल्या कारकुनांसाठी त्याने नियमांचं एक जाडजूड पुस्तकही लिहिलं. त्याच वेळी एका वर्तमानपत्रात बिनपगारी नाट्यपरीक्षणं लिहायचा. त्यातूनच नट हेन्री आयर्विंगशी ओळख झाली आणि १८७८मध्ये तो लंडनच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक झाला. हिशेब, पत्रव्यवहार, दौरे, सगळं त्याच्याच गळ्यात. 'ड्रॅक्युला' त्या धबडग्यात लिहून झाली.

पुस्तक २६ मे १८९७ला बाजारात आलं, पण त्याच्या आठ दिवस आधी लायसियमवर त्याचं नाट्यवाचन झालं होतं. हौस म्हणून नाही. रंगमंचाचे हक्क आपल्याकडे राहावेत म्हणून. हा व्यवहारीपणा घरातही होता. त्याच्या पश्चात १९२२मध्ये जर्मनीत परवानगी न घेता 'ड्रॅक्युला'वरून 'नोस्फेराटू' चित्रपट निघाला, तेव्हा त्याची बायको फ्लॉरेन्स कोर्टात गेली आणि प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला. १९२४मध्ये हॅमिल्टन डीनने रीतसर परवानगी घेऊन इंग्लंडमधल्या डर्बीत 'ड्रॅक्युला'चं नाटक केलं. आपल्या डोळ्यांसमोर येणारी ड्रॅक्युलाची उंच कॉलर कादंबरीत नाही, ती रंगमंचावरून आली. नट झग्यातून निसटून जमिनीतल्या झडपेतून खाली जायचा, तेव्हा मागून त्याचं डोकं दिसू नये म्हणून! असा अभ्यास नुसत्या वाचनालयात होत नाही. तुमच्या लेकीने एकांकिका सोडू नयेत, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता पैशाचं. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीत गॉथिक अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र आहे. पण आत्ता कर्ज काढून, लूम गहाण टाकून तिकडे जाणं मला पटत नाही. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे, तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. म्हणजे तसंही थांबायचंच आहे.

तोवर इथे एमए इंग्रजी करू दे. ५५ टक्के मिळाले की नेट देता येते, प्राध्यापकीचा रस्ता उघडा राहतो. नाटकाकडेच ओढा असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात (एनएसडी) प्रवेशासाठी पदवीबरोबर नाटकाचा प्रत्यक्ष अनुभव बघतात, तिथे तिच्या एकांकिका उपयोगी पडतील. बी.एड. कुठे पळून जात नाही, पदवीनंतर कधीही करता येतं. फक्त तिच्यावर लादू नका.

आणि हे सगळं परक्यांचंच आहे असंही नाही. रत्नाकर मतकरींनी गूढकथाही लिहिल्या आणि नाटकंही केली, तीही बरीच वर्षं बँकेतली नोकरी सांभाळून.

एक काम मात्र तिला याच वर्षी सांगा. स्टोकर १९१२मध्ये गेला, 'ड्रॅक्युला'चे हक्क केव्हाच संपले आहेत. मूळ इंग्रजीवरून स्वतः चाळीस मिनिटांची मराठी एकांकिका लिहायची, कॉलेजच्या मुलांना घेऊन बसवायची आणि त्या प्रयोगाचा हिशेबही तिनेच ठेवायचा. कुणाचं मराठी भाषांतर उचलायचं नाही, त्याचे हक्क वेगळे असतात. पुढे अर्जाबरोबर जोडायला हे लेखन तिच्या हाती राहील, आणि तिला नुसतं वाचायला आवडतं की हे काम झेपतं, ते तुम्हालाही दिसेल.

रात्रीच्या दिव्याचं म्हणाल, तर चार लूमच्या विजेपुढे त्या एका बल्बचं बिल ते काय!