मॅथ्स सोडायची घाई नको, जीनोमिक्समध्ये तेच कामाला येतं

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. लेकीची दहावी झालीये, घरी द्राक्षबाग आणि दोन गाई. पिकाचा नाहीतर जनावराचा डीएनए तपासून पुढे ते कसं निघेल हे आधीच सांगता येतं असं पोरीने कुठेतरी बघितलं आणि आता तिला तेच, म्हणजे जीनोमिक्स, करायचंय, त्यासाठी अकरावीला बायो घेऊन मॅथ्स सोडते म्हणतीये. वडलांचं म्हणणं, शेतीचीच डिग्री घ्यायची तर बागेत काय कमी काम पडलंय. ताई विचारतात, यात नोकरी आहे का आणि मॅथ्स सोडू द्यावं का.

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नका सोडू देऊ.

कारण तुमच्याच बागेत आहे बघा. सगळी झाडं एकाच जातीच्या काडीची, म्हणजे जीनोम (सगळा डीएनए मिळून) जवळपास एकच, तरी विहिरीकडच्या ओळीत घड भरतात आणि माळाकडच्या ओळीत मणी बारीक राहतात, ब्रिक्सपण (गोडीचं माप) वेगळं लागतं. हा फरक माती, पाणी, छाटणीचा. आता शंभर वेगवेगळ्या जाती शंभर जागी लावल्या तर दिसणाऱ्या फरकातला किती जीनचा आणि किती जमिनीचा हे वेगळं कसं काढायचं? ते काम स्टॅटिस्टिक्स, म्हणजे मॅथ्सच करतं, आणि या फील्डचा अर्ध्याहून जास्त भाग तोच आहे. बायोचं पाठांतर करून इथे निभत नाही.

काही गुण एकट्या जीनवर चालतात, ते सोपे. द्राक्षात बी न धरण्यामागे मुख्य एक जीन आहे, त्यामुळे क्रॉस केलेलं रोप हातभर असतानाच पान तपासून बरंचसं कळतं, फळ धरेपर्यंत थांबायला नको. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं (नारी) काम तर पोरीला नेऊन दाखवा. सुंदरबनातल्या गरोळ मेंढीत फेक-बी नावाच्या जीनमध्ये डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं आणि तेवढ्यावर मेंढी जुळी द्यायला लागते, पण गरोळ अंगाने बारकी. मग त्यांनी तो जीन आपल्या दख्खनी मेंढीत आणला, दर पिढीला टेस्ट करून ज्या कोकरात जीन आलाय तेच पुढे ठेवलं, त्यातून नारी सुवर्णा ही मेंढी तयार झाली. अर्थात जुळी झाली म्हणून काम संपत नाही, आईला दूध आणि चारा पुरला नाही तर दोन्ही कोकरं मरतुकडी राहतात.

दूध, उसाचा उतारा हे मात्र शेकडो जीनचं मिळून होतं (उसाला क्रोमोसोम, म्हणजे जीन ज्यावर असतात ते डीएनएचे धागेच शंभरावर, भल्याभल्यांना घाम फुटतो). तिथे हजारो मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या खुणा, एकदम घेऊन अंदाज बांधतात, जीनोमिक सिलेक्शन म्हणतात त्याला, मूळ पेपर 2001 चा. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या देशी गाईंसाठी गौ चिप आणि म्हशींसाठी महिष चिप ही डीएनए टेस्ट आलीये. पण चिप नुसता डीएनए वाचते, कुठल्या गाईने किती दूध दिलं ते कोणीतरी मोजून ठेवलेलं लागतं ना, आणि आपल्याकडे डेअरीच्या पावतीवर दोन्ही गाईंचं दूध एकत्रच येतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डीएनए वाचणं दिवसेंदिवस स्वस्त होतंय, नीट मोजणारी आणि ते मोजमाप समजणारी माणसं कमी आहेत, आणि तुमच्या पोरीचा चान्स तिथेच आहे असं मला वाटतं.

आता रस्ता. अकरावीला मॅथ्स आणि बायो दोन्ही, म्हणजे सगळी दारं उघडी राहतात. बारावीनंतर एमएचटी-सीईटीवरून बीएस्सी ॲग्री, कराडला सरकारी कॉलेज आहे. जनावरांकडे ओढा असेल तर नीट (NEET) परीक्षा देऊन व्हेटर्नरी, शिरवळला कॉलेज आहे, पण तिथली मेरिट कडक. नावातच जीनोमिक्स असलेल्या महागड्या प्रायव्हेट डिग्रीला लगेच भुलू नका, आधी विचारा की प्लॉट किती, जनावरं किती, स्टॅटिस्टिक्स किती सेमिस्टर शिकवता. खरं स्पेशलायझेशन एमएस्सीला होतं, प्लांट ब्रीडिंग, ॲनिमल जेनेटिक्स किंवा बायोइन्फर्मेटिक्स (डीएनएच्या डेटाचं कॉम्प्युटरवरचं काम), त्यासाठी राहुरीचं कृषी विद्यापीठ, दिल्लीची शेती संशोधन संस्था आयएआरआय, कर्नालची डेअरी संशोधन संस्था एनडीआरआय.

नोकरीचं स्पष्ट सांगतो, नुसत्या बीएस्सीवर या कामात फार काही नाही, बियाणं कंपनीत ट्रायल प्लॉट बघायचं काम मिळतं, तेही वाईट नाही. सायंटिस्ट व्हायचं तर पीएचडीपर्यंत जायची तयारी हवी, म्हणजे सत्ताविशी-अठ्ठाविशी उजाडते, आणि त्या काळात लग्नाचा विषय घरात किती वेळा निघणार हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. फेलोशिप असते, पण ती सगळ्यांना मिळत नाही. मधेच कंटाळली तरी आर किंवा पायथन या कॉम्प्युटरच्या भाषा येणाऱ्या ॲग्री ग्रॅज्युएटला डेटाचं दुसरं काम शोधता येतं, म्हणूनही मॅथ्स ठेवा.

पोरीच्या वडलांना सांगा, या फळ छाटणीनंतर पोरीला वीस झाडं द्या, दहा विहिरीकडची, दहा माळाकडची. प्रत्येकाला नंबर, घड किती, मणी केवढा, काढणीला ब्रिक्स किती, सगळं वहीत, मग एक्सेलमध्ये. दोन्ही गाईंचं दूधही वेगवेगळं मोजून लिहू दे. हे करताना कंटाळली नाही तर मार्चमध्ये परत लिहा, पुढचं बोलू.