महाल पाहून वाढलेल्या ग्वाल्हेरकराला मुंबईच्या ताजमध्ये नवीन काय दिसणार? आणि ते हॉटेल उलटं बांधलं गेलं, हे खरं का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. खरं नाही. समुद्राकडची बाजू ही हॉटेलची पाठ वाटते, म्हणून नकाशा उलटा वाचला गेला आणि वास्तुविशारदाने जीव दिला अशी कथा पसरली. प्रत्यक्षात जुना दरवाजा मुद्दामच शहराच्या बाजूला होता. बग्ग्या तिथे थांबत, आता तिथे पोहण्याचा तलाव आहे. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पूर्ण होण्याआधीच आजारपणात गेले, पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीस नेलं. हॉटेल उघडलं १९०३ साली. एका मराठी माणसाच्या कामाला अशी खोटी कथा चिकटावी, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पहिला प्रश्न. मधला जिना बघा. पायऱ्या भिंतीतून निघतात, खाली खांब नाही. मधोमध उभं राहून मान वर केली की थेट घुमटाची पोकळी दिसते.

आपल्या जयविलासात, म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या महालात, झुंबरांखाली आपण आपोआप हळू बोलू लागतो, तिथे आपण प्रेक्षक असतो. ताजमध्ये बॅगा, लग्नाची वऱ्हाडं, चहाचे कप, सगळं त्याच जिन्याभोवती चालू असतं. राहणं परवडत नसेल तर पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये खिडकीपाशी चहा घ्या.

आणि ग्वाल्हेरला परत आल्यावर तिथल्या उषाकिरण पॅलेस हॉटेलची दगडी जाळी एकदा दुपारच्या उन्हात बघा.