आधी शुगर बघा, सोनोग्राफी नंतर

ताई, आठवीतला मुलगा, तीन दिवस पोटदुखी, उलट्या, अ‍ॅसिडिटीच्या गोळीने फरक नाही, हे तुम्ही सविस्तर लिहिलंय. पण मी अडकले ते शेवटच्या ओळीवर: 'पाणी मात्र सारखं मागतो, रात्री लघवीलाही उठतो.' ही रक्तातली शुगर वाढल्याची खूण असू शकते. त्याची शुगर आत्ताच्या आत्ता बघा. उपाशीपोटीची वाट बघू नका. बिल्डिंगमधल्या कुणा ना कुणा आजोबांकडे मशीन असतंच. बोट धुऊन कोरडं करा, फळाचा रस लागलेल्या बोटाने आकडा चुकतो. तो गुंगीत असेल किंवा धापा टाकत असेल, तर मशीनही शोधू नका, थेट हॉस्पिटल.

मी डॉक्टर नाही, टाइप १ डायबेटिस (शरीरात इन्सुलिन बनेनासं होतं तो) असलेल्या मुलीची आई आहे. तेवढ्यापुरतंच माझं धरा.

आमची दहावीत होती. कपडे सैल व्हायला लागले, सगळे म्हणाले अभ्यासाचं टेन्शन. मग पोटदुखी, उलट्या. ज्या हॉस्पिटलात नेलं तिथे सोनोग्राफी झाली, अपेंडिक्स आहे की नाही यावर खल झाला, सर्जनला निरोप गेला. अशक्तपणा आहे म्हणून डेक्स्ट्रोजचं सलाईन लावलं, म्हणजे साखरेचंच पाणी! ती छाती भरभरून श्वास घेत होती, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत होता, आणि सिस्टर मला सांगतायत, 'घाबरलीय ती, शांत करा.' सोनोग्राफीचं बिल आधी भरून घेतलं, पण बोटाला एक सुई टोचायचं कुणाला सुचलं नाही. ड्युटी बदलल्यावर आलेल्या पोरसवदा डॉक्टरने टोचली, तर मशीनवर आकडाच नाही, नुसतं 'हाय', म्हणजे मशीनला मोजता येईल त्याच्याही वर. पुढे लघवीत कीटोन, आयसीयू, इन्सुलिनचं ड्रिप. इन्सुलिन नसलं की शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं, कीटोन साठून रक्तातलं आम्ल वाढतं, पोट त्यानेच दुखतं. ड्रिप सुरू झाल्यावर तिचं पोट दुखायचं आपोआप थांबलं. अपेंडिक्सला काहीही झालेलं नव्हतं.

'आमच्याकडे कुणाला शुगर नाही' हे मनातून काढा. टाइप १ च्या बऱ्याच मुलांच्या घरात कुणालाच नसते. आणि ताकद यावी म्हणून ग्लुकोज पावडर, उसाचा रस काही पाजू नका, निदान आकडा कळेपर्यंत तरी.

शुगर नॉर्मल आली म्हणून घरी थांबायचं, असंही नाही. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं अपेंडिक्सचं असू शकतं. मुलगा आहे म्हणून आणखी एक. वृषणाला पीळ बसला तरी पोटात दुखतं, उलट्या होतात, आणि या वयाची पोरं लाजेपोटी आईला सांगत नाहीत. त्याच्या बाबांना विचारायला लावा. तसं असेल तर तिथे तास मोजायचे असतात. मुलगी असती तर पाळीची तारीख विचारा म्हटलं असतं, तीही तिला एकटीला. (माझं माहेर कोकणातलं, म्हणून हेही लिहिते: जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटदुखी-उलट्यांनी उठलं आणि पापण्या जड झाल्या, तर दंश दिसत नसला तरी मण्यार साप चावल्याची शंका घ्या.)

आकडा दोनशेच्या वर आला तर इथे लिहीत बसू नका. आयसीयू असेल आणि रात्री लॅब चालू असेल अशाच ठिकाणी न्या. कॅज्युअल्टीत शिरतानाच सांगा, 'आधी शुगर आणि कीटोन बघा.' आगाऊ म्हणाले तर म्हणू देत.