चिपळूणला जायचंय ना, मग आधी ती चाइल्ड पॉलिसी बाहेर काढा

पत्र डोंबिवलीहून आलंय. वय 39, बायको 36, मुलगी साडेदहा वर्षांची, पाचवीत सीबीएसईला, मुलगा सीनिअर केजीत, आणि सोबत 66 वर्षांची आई. लोटे परशुराम एमआयडीसीत नोकरी मिळतेय, हातात 74 हजार येतील, सध्या 92 येतात. मूळ गाव गुहागर तालुक्यात, रोजच्या लोकलला कंटाळलोय, म्हणून पगार कमी झाला तरी निघायचंच असं ठरलंय. प्रश्न दोनच. चिपळूणला राहायचं की खेडला, आणि मुलांना सीबीएसईत घालायचं (दोघांची फी, बस धरून वर्षाला दीड लाख) की सेमी इंग्रजीत. चिपळूणला शाळेपासून चालत पाच मिनिटांवर 38 लाखांचा तळमजल्याचा फ्लॅट बघून ठेवलाय, 8 लाख पीएफमधून काढून बाकी लोन करायचा विचार आहे. आणि अगदी शेवटी एक ओळ: "मुलांच्या पुढच्या शिक्षणाची काळजी नाही, दोघांच्या नावाने चाइल्ड पॉलिसी आहेत."

मी पत्र वाचलं आणि त्या शेवटच्या ओळीवरच अडकलो. पॉलिसीचे फोटो मागवले, तुम्ही लगेच पाठवलेत, त्याबद्दल आभार, कारण बरेच लोक इथेच गप्प होतात.

मुलीची पॉलिसी बघू. वर्षाला 1.2 लाख, 12 वर्षं भरायचे, 20 वर्षांनी साधारण 26 लाख मिळतील असं एजंटने कागदावर लिहून दिलंय, त्यात 12 लाख विमा रक्कम आणि बाकी सगळा बोनस, जो दरवर्षी जाहीर होतो, त्याची हमी कुणी दिलेली नाही. तो पूर्ण मिळाला असं धरलं तरी परतावा पडतो वर्षाला 4 टक्क्यांच्या आसपास. तेच पैसे तसेच 12 वर्षं पीपीएफमध्ये टाकून 20 वर्षांपर्यंत ठेवले असते तर आजच्या 7.1 टक्के दराने 40 लाखांच्या घरात गेले असते. पण मला त्याहून जास्त खटकलं ते वेगळंच. पॉलिसी घेतली तेव्हा मुलगी साडेसात वर्षांची होती, त्यात 20 मिळवा, पैसे येणार ती 27 ओलांडेल तेव्हा. बारावीनंतरची फी 18 व्या वर्षी भरायची असते हो! पॉलिसीच्या पहिल्या पानावर टोपी घातलेल्या पदवीधर मुलीचं चित्र आहे आणि मॅच्युरिटीची तारीख आतल्या पानावर बारीक अक्षरात. विकणाऱ्याने ते पान तुमच्यासमोर उघडलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हीही उघडलं नाहीत.

अजून एक गोष्ट, ती लिहितानाही वाईट वाटतंय. त्या वेळी मुलगी साडेसातची होती म्हणजे सुकन्या समृद्धी खातं उघडता येत होतं, आज त्याचा दर 8.2 टक्के आहे. मुलगी 10 वर्षांची झाली की ते दार बंद होतं. तुमच्यासाठी ते सहा महिन्यांपूर्वी बंद झालंय. ज्यांच्या घरी लहान मुलगी आहे त्यांनी हे वाचून आज पोस्टात जावं, माझी एवढीच विनंती आहे.

मुलाची पॉलिसी युलिप आहे, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र, वर्षाला 90 हजार, दोन हप्ते भरलेत, तिसरा दोन महिन्यांनी. "5 वर्षं भरा, दुप्पट होतील" असं बँकेतल्या माणसाने सांगितलं होतं असं तुम्ही लिहिलंय. 5 वर्षं हा लॉक-इन आहे, म्हणजे तोपर्यंत पैसे काढता येत नाहीत, एवढाच त्या पाचाचा अर्थ, दुप्पट होण्याशी त्याचा काही संबंध नाही. असं सांगून विकणाऱ्यांची मला मनापासून चीड येते, कारण ज्यांना विकलं जातं ते चालू पगारातून पोटाला चिमटा काढून हे हप्ते भरत असतात.

आता या दोन्ही पॉलिसी मिळून तुमच्या जिवावर विमा किती? 12 आणि 9, 21 लाख. डोंबिवलीच्या फ्लॅटचं लोन बाकी 19 लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर लोन फेडून घरच्यांच्या हातात 2 लाख राहतात. हो, पुढचे हप्ते माफ होतात असं पॉलिसीत आहे, पण ते मॅच्युरिटीचे पैसेही मुलगी 27 ची झाल्यावरच येणार, तोपर्यंत चौघांनी काय खायचं? टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला नुसता जिवाचा विमा, घेतला नाही कारण "काही झालं नाही तर पैसे परत मिळत नाहीत", असं तुम्ही लिहिलंत. गाडीच्या इन्शुरन्सचे पैसेही परत मिळत नाहीत, तो तुम्ही दरवर्षी न चुकता भरताच ना.

घराचा हिशोब मांडू. पगार 74 हजार, डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने दिला तर तुमच्या अंदाजाने 15, एकूण 89. खर्च: ईएमआय 31, चिपळूणचं भाडं 11, घरखर्च आईच्या औषधांसकट 30, सीबीएसई दोघांची मिळून महिन्याला साडेबारा, आणि या दोन पॉलिसींचे महिन्याला साडेसतरा. झाले 1 लाख 2 हजार. महिन्याला 13 हजारांचा खड्डा. म्हणजे बघा, मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेल्या पॉलिसीच मुलांच्या आजच्या शाळेची फी खातायत.

"कोकणात खर्च कमी होईल" या भरवशावर राहू नका. कमी होतं ते घरभाडं. भाजी आणि पिशवीतलं दूध बरंचसं घाटावरूनच खाली येतं, वीज, गॅस, मोबाइल सगळीकडे सारखं, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा मासळीचे भाव बघा. बायकोला तिथल्या शाळेत 25 हजारांची नोकरी लागेल असंही तुम्ही हिशोबात धरलंय. लागली तर मला खूप आनंद होईल, पण अपॉइंटमेंट लेटर हातात येईपर्यंत तो आकडा शून्य धरा, लहान गावातल्या खासगी शाळा शिक्षिकांना काय देतात ते तिथे नोकरी करणाऱ्या एखादीला विचारून बघा.

मग करायचं काय. युलिपचा तिसरा हप्ता भरू नका. तीनेक हजार कापून उरलेले पैसे बंद पॉलिसीच्या फंडात जातील, तिथे किमान 4 टक्के मिळतात, आणि पाचवं वर्ष संपल्यावर हातात येतील. मुलीच्या पॉलिसीत 3.6 लाख भरून झालेत. सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर माझ्या अंदाजाने दीड लाखाच्या आसपास मिळतील, हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर 17 वर्षांनी पाचेक लाख. दीड लाख 7 टक्क्यांनी 17 वर्षं ठेवले तरी पाचच्याच घरात जातात, म्हणजे हिशोब बरोबरीचा आहे. दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा आणि फार फरक नसेल तर सरेंडर करा, कारण अडीअडचणीला तुमच्याकडे फक्त 80 हजारांची एफडी आहे आणि नव्या नोकरीत 6 महिने प्रोबेशन आहे. दोन लाख बुडाले म्हणून रात्री झोप लागणार नाही हे मला माहीत आहे, पण ते वाचवायला अजून 10 लाख 80 हजार भरायचे आणि मुलगी 27 ची होईपर्यंत थांबायचं, याला मी हो म्हणू शकत नाही.

आता आईचं. हे तुम्ही विचारलंच नाहीत, आणि सगळ्यात तातडीचं हेच आहे. आईला डायबिटीस, दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय, आणि तिचा मेडिक्लेम तुमच्या आत्ताच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत. तुमचा शेवटचा दिवस संपला की तो कव्हर संपला. नव्या कंपनीत आई-वडिलांना कव्हर आहे का, पहिल्या दिवसापासून की प्रोबेशननंतर, हे एचआरकडून मेलवर घ्या, फोनवर "हो हो असतं" म्हणाले तर ते धरू नका. नवीन पॉलिसी काढायची तर आधीपासूनच्या आजारांना 3 वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं, म्हणजे तोवर त्या आजारांचा खर्च मिळत नाही, आणि स्टेंट म्हटल्यावर काही कंपन्या सरळ नाही म्हणतील. म्हणून ग्रुप पॉलिसी ज्या विमा कंपनीची आहे त्यांच्याकडेच वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन मागा, त्यात आत्तापर्यंत काढलेला वेटिंगचा काळ धरला जातो. हा अर्ज नोकरी चालू असतानाच करायचा, सोडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. रेशनकार्ड अपडेट आहे ना तेही बघा, महात्मा फुले योजना त्यावर चालते. आई 70 ची झाली की आयुष्मान वय वंदना कार्डावर 5 लाखांचं कव्हर मिळेल, पण त्याला अजून 4 वर्षं आहेत आणि मधली 4 वर्षं रिकामी ठेवता येणार नाहीत.

तुमचा 1 कोटीचा टर्म 60 व्या वर्षापर्यंत, तुम्हा चौघांचा मिळून 10 लाखांचा फॅमिली फ्लोटर मेडिक्लेम आणि आईची वेगळी पॉलिसी, सगळं मिळून वर्षाला 85 हजारांच्या आसपास धरा, सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्यावरचा जीएसटीही गेलाय. म्हणजे महिन्याला 7 हजार. साडेसतरा जात होते तिथे सात. टर्मचा अर्ज आत्ताच करा, जुन्या नोकरीच्या सॅलरी स्लिप हातात आहेत तोवर.

फ्लॅट घेऊ नका. 30 लाखांच्या नव्या लोनचा ईएमआय 26 हजार, जुना 31, दोन्ही मिळून 57, पगार 74. इथेच विषय संपतो. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचे अडीच लाख वेगळे. पीएफला हात लावू नका, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून ट्रान्सफर करा, ते 8 लाख आजच्या 8.25 टक्क्यांनी 58 व्या वर्षापर्यंत 36 लाखांच्या आसपास जातात. डोंबिवलीचा फ्लॅट विकण्याचा विचार प्रोबेशन संपल्यावर करू, तोवर रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स करून भाड्याने द्या.

आणि तळमजला, चिपळूणला? 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी गावात शिरली तेव्हा बाजारपेठेत माणसाच्या डोक्यावरून पाणी गेलं होतं. पाणी ओसरल्यावर मी एका नातेवाइकांकडे साफसफाईला गेलो होतो, भिंतीवर चिखलाची रेघ स्विचबोर्डच्या बरीच वर होती, आणि काकू खाटेवर चादर टाकून त्यावर एकेक कागद सुटा करून वाळत घालत होत्या, पासबुकं, दाखले, पॉलिसी, सगळ्यांची शाई एकमेकांत उतरलेली. मुलांच्या वह्या तर उघडतच नव्हत्या. आज त्या भिंतींना रंग लागलाय, बघायला गेलात तर काही कळणार नाही. म्हणून भाड्याचं घर बघतानाही समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, 2005 ला पाणी कुठवर आलं होतं आणि 21 ला कुठवर, तो हाताने दाखवेल. नगरपरिषदेत निळी आणि लाल पूररेषा बघून घ्या. खेडलाही जगबुडी आहेच, तेव्हा पुराच्या भीतीने खेड निवडण्यात अर्थ नाही.

लोट्याला जायला चिपळूणहून परशुराम घाट लागतो, पावसात दरड आली की तो बंद होतो, खेडहून तो लागत नाही, हा खेडचा खरा फायदा. तरी मी चिपळूणच म्हणेन, आईसाठी. डॉक्टर जास्त आहेत, डेरवणचं रुग्णालय तालुक्यातच आहे, आणि पुढे न्यायची वेळ आली तर कुंभार्ली घाट चढून कराड गाठता येतं. उंचावरच्या भागात, पहिल्या मजल्याच्या वर, 11 महिन्यांच्या करारावर घर घ्या. एक अख्खा पावसाळा काढा तिथे, मग फ्लॅटचं बोलू.

शाळा. पॉलिसी गेल्या, विमा आला: 89 मधून 31, 11, 30 आणि 7 गेले, उरले 10 हजार. दोघांना सीबीएसईत घातलंत तर साडेबारा, पुन्हा अडीच हजार कमी. मुलीची एकटीची फी आणि बस महिन्याला साडेसात, ती बसते. ती पाचवीपर्यंत इंग्रजीत शिकलीय, गाव, घर, मैत्रिणी सगळं एकदम सुटणार आहे, त्यात इतिहास-भूगोल मराठीतून नको, तिला सीबीएसईतच ठेवा. मुलाला मात्र पहिलीत जवळच्या चांगल्या अनुदानित सेमी शाळेत घाला, तिथे आठवीपर्यंत फी नसल्यासारखीच. शेजारचे "एकाला एक आणि दुसऱ्याला एक" म्हणतील, म्हणू देत. कोकणातल्या कितीतरी जुन्या शाळांच्या नावात इंग्लिश स्कूल आहे, माध्यम मराठी आहे आणि तिथून शिकलेली माणसं जगभर आहेत. दहावी-बारावीच्या निकालात कोकण बोर्ड वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतंय ते याच शाळांच्या जोरावर. शाळा ठरवण्याआधी एकदा मधल्या सुट्टीत आवारात जाऊन उभे राहा आणि पहिलीच्या बाई किती वर्षं तिथे आहेत ते विचारा.

बायकोला नोकरी लागली की त्यातले पहिले 10 हजार दर महिन्याला मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी बाजूला टाकायचे. साडेसात वर्षं हातात आहेत, 7 टक्के धरले तरी 11-12 लाख होतात, आणि ते ती 18 ची असताना हातात येतात.

तुम्ही लिहिलंय की 1 तारखेला राजीनामा देणार. नव्या कंपनीकडून पंधरा दिवस वाढवून मागा, मिळतात. उद्या विमा कंपनीला आईच्या मायग्रेशनचा मेल टाका आणि त्याची एक कॉपी मला पाठवा. त्यांचं लेखी उत्तर आलं, टर्मची मेडिकल झाली आणि पॉलिसी हातात पडली, की मग राजीनामा द्या.